आवाज विरेपर्यंत

आबा,

आज लाईनीवर मी एकदाही मागे फिरलो नाही. हे आईला सांगितलं असतं, पण ती म्हणाली असती, मग रोज कशाला फिरत होतास, आणि त्याचं उत्तर द्यायला मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तेव्हा मी नववीत होतो आणि शाळेपुरता नववीतच राहिलो. पण गुरुजींनी गिरवून घेतलेलं शुद्धलेखन अजून हातात आहे, त्यामुळे अक्षर तुम्हाला लागेल. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. मी मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, तसंच आताही समजा.

मागच्या दिवाळीपासून तुमचीच वाट माझ्याकडे आली आहे. सात वर्षं गँगमध्ये पहार आणि फावडं चालवलं, मग मुकादमांनी साहेबांकडे शब्द टाकला आणि मी चावीवाला झालो. काम तुमच्या वेळचंच आहे. सकाळी सातला हातोडा, पाना आणि लाल झेंड्या घेऊन निघायचं, रुळांखालच्या लोखंडी स्लीपरवरून चालत जायचं, रुळाला धरून ठेवणारी लोखंडी चावी कुठे सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, सांध्याच्या पट्ट्या आणि बोल्ट बघायचे. जाताना एक रूळ, येताना दुसरा. ओढ्यावरचा पूल आहे तिथेच आहे, ओढा मात्र वर्षभर कोरडा आहे. लाईनीच्या कडेनं दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली असतात, त्यामुळे सकाळी निघालो की हातोडे माझ्या आधीच वाजायला लागलेले असतात. मुकादम म्हणजे तुमच्याबरोबर गँगमध्ये होते तेच, पानाची पिचकारी मारल्याशिवाय ज्यांचं वाक्य संपत नसे ते. केस पांढरे झाले, जीभ तशीच आहे. मी सगळ्यांचे रजेचे अर्ज लिहून देतो, म्हणून त्यांनी मला मास्तर नाव ठेवलं आहे.

माझी एक खोड तुमच्या मागे वाढली. चावी बघून दहा पावलं पुढे गेलो की मनात यायचं, खरंच बघितली का? की नुसती नजर गेली? मग परत. चावी घट्ट बसलेली असायची. पुन्हा दहा पावलं, आणि पुन्हा वाटायचं, ही बघितली ती तीच होती का? घरीसुद्धा तेच. चुलीतला विस्तव, दाराची कडी, पोस्टात टाकलेल्या पाकिटावरचा पत्ता. लाईनीवर त्याचा परिणाम असा व्हायचा की बारापर्यंत गँगपाशी पोहोचायचं तिथे मला दीड वाजायचा, आणि दुसरा रूळ बघायला वेळच पुरायचा नाही. पहिल्यांदा गँगनं चेष्टा केली. मास्तरचं रुळावर कोणी पाहुणं बसलंय, म्हणून सारखं भेटायला जातो, असं म्हणायचे. मग एक दिवस चेष्टा बंद झाली, तेव्हा मी घाबरलो.

मुकादमांनी मला बाजूला घेतलं. रागात नव्हते. "मास्तर, तुला रूळ बघाया धाडतो मी, आन् तू रुळावर संशय घेत बसतो," ते म्हणाले. "आठ दिस देतो. बाराच्या आत पोचला न्हाईस तर पुन्ना पहार घे. ही वाट दुसऱ्याला देईन. तुझ्या बापाची हाय म्हनून मला लांबवता येनार न्हाई, गाड्या काय बापाकडं बघून जात न्हाईत."

पहार उचलायला मी भीत नाही, आबा. पण ती वाट दुसऱ्याकडे जाणं मला सोसणारं नव्हतं. आपल्या घरात तुमचा एकही फोटो नाही. काष्टीच्या बाजारात फोटो काढणारा यायचा तेव्हा तुम्ही म्हणायचात, पुढच्या वेळी काढू. तुमच्या कपड्यांतला सदरा मी वापरून फाडला. तुम्ही मला कुठे भेटत असाल तर त्या सहा किलोमीटरात, पुलाच्या अलीकडच्या वळणावर, जिथे तुम्ही टोपी काढून घाम पुसायचात.

तुमची चाल मला पाठ आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत मी हट्ट करून सगळी वाट तुमच्याबरोबर चाललो होतो. मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. गाडी येईल म्हणून मी दर मिनिटाला मागे बघत होतो. एक-दोनदा तुम्ही काही बोलला नाहीत. मग माझा पाय स्लीपरवरून घसरला, नडगी फुटली, आणि तुम्ही मला बसवून पाण्यानं पुसत पुसत जे बोललात, तेवढंच तुमचं रागाचं बोलणं मला आठवतं. "कान मागं ठेव, डोळं पुढं. डोळं बी मागं ठेवलं तर चालनार कोन?" आणि मग रागावलात म्हणून तुम्हालाच वाईट वाटलं आणि तुमच्या फडक्यातला गुळाचा खडा मला दिलात. उरलेली वाट मी गूळ चघळत तुमच्या पाठीकडे बघत चाललो. तुम्ही घाई करत नव्हता. रेंगाळतही नव्हता. आणि काहीही झालं तरी मागे फिरत नव्हता.

आठ दिवसांची मुदत मिळाली त्या संध्याकाळी मी विचार केला की हे तुम्हाला जमलं कसं. उत्तर सोपं वाटलं. भंतेंमुळे.

आपण दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी भंते आपल्याकडे पंधरा दिवस राहिले होते. समाजमंदिर तेव्हा नुसत्या चार भिंती आणि पत्रे. रोज संध्याकाळी ते समोरचं अंगण स्वतः झाडायचे आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत इतकं सावकाश चालायचे की पहिल्या दिवशी बायका पाणी भरायच्या थांबल्या. एका म्हातारीनं विचारलं, "बाबाचं काय पडलंय का? पोरास्नी हुडकाया लावू का?" भंते हसले. मग त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की याला चंक्रमण म्हणतात. पाय उचलला की कळलं पाहिजे उचलला. पुढे नेला की कळलं पाहिजे नेला. टेकवला की टेकवला. मन दुसरीकडे पळालं की त्याच्यावर चिडायचं नाही, हाताला धरून परत पायापाशी आणायचं. तुम्ही सगळ्यांत मागे उभे होता. नंतर जेवताना आईला म्हणालात, हे तर मी रोजच करतोय, फक्त मला कोणी भंते म्हणत नाही. आई म्हणाली, तुम्हाला भंते म्हटलं तर मला भाकरी कोणाला घालायची? त्या पंधरा दिवसांत तुम्ही रोज संध्याकाळी अंगणात त्यांच्या मागे चालत होतात. पुढे भंते निघून गेले, पण मी धरून चाललो की लाईनीवरची तुमची चाल ती तीच.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाईनीवर चंक्रमण सुरू केलं. उचलला, नेला, टेकवला. स्लीपरांमधलं अंतर सारखं असल्यामुळे ते लवकर जमायला लागलं. आबा, काय सांगू तुम्हाला. पहिल्याच दिवशी छातीत सारखी असायची ती पकड सुटली. मला माझ्या टायरच्या चपलेचा तळ कळायला लागला, टाचेखालचं लोखंड सकाळी गार असतं आणि दहा वाजता कोमट होतं ते कळायला लागलं. श्वास आत येतो तेव्हा नाकाच्या शेंड्याला गार लागतो, हे मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मागे जावंसं वाटेना. तिसऱ्या दिवशी मी साडेअकराला गँगपाशी होतो. मुकादमांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. घरी मी मिलोच्या भाकरीचा एकेक घास सावकाश खात होतो. ही लाल परदेशी ज्वारी रेशनवर येते, थापताना तुटते, आई तिला शिव्या देते. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुझा बाप असाच भाकरीकडं बघत जेवायचा. पर त्या भाकरीत बघन्यासारखं काय तरी हुतं." मला एवढा आनंद झाला की मी अर्धी भाकरी जास्त खाल्ली. मला वाटलं, मी पोहोचलो.

सातव्या दिवशी मी सव्वाअकराला पोहोचलो. गँग बाभळीखाली जेवायला बसत होती. मुकादमांनी मला जवळ बोलावलं, खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर एक चावी ठेवली. गंजलेली, एका कडेला चकाकणारी, साधी चावी.

"ही वळख बरं," ते म्हणाले.

मी म्हणालो, चावी आहे.

"कुटली?"

तेव्हा मला कळलं. सकाळची पॅसेंजर गेल्यावर त्यांनी ती स्वतः काढली होती, फाटकाच्या अलीकडे, उजव्या रुळाची, आणि जागेवर खडूची रेघसुद्धा मारली होती. दुपारच्या मालगाडीला अजून वेळ होता. एक चावी नसल्यानं गाडी पडत नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण मी तिच्यावरून गेलो होतो. उचलला, नेला, टेकवला करत, नाकाच्या शेंड्यावरचा श्वास बघत, त्या रिकाम्या जागेला वळसा न घालता, अगदी शांतपणे गेलो होतो. आधी मी दहा वेळा मागे जायचो, पण त्या सगळ्या दिवसांत माझी एकही चावी सुटली नव्हती.

"चल, बसवून येऊ," मुकादम म्हणाले. भाकरी बाजूला ठेवून ते स्वतः माझ्याबरोबर निघाले. मला वाटलं वाटेत सांगतील की उद्यापासून पहार. मग मीच सगळं सांगून टाकलं. भंते, अंगण, तुमची चाल, सहा दिवस किती बरं वाटलं ते. ऐकता ऐकता ते थांबले आणि इतके हसले की त्यांना खोकला लागला.

"तुझ्या बापालाबी मी असाच धरला हुता," ते म्हणाले. "हेच. असंच. चावी काढून खिशात."

आबा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. भंते होते त्या दिवसांत तुम्हीही लाईनीवर अंगणातली चाल चालायला लागलात. गँगमध्ये सगळे म्हणायचे, याची समाधी लागली. आमचे मुकादम तेव्हा तुमच्याबरोबरचे साधे गँगमन, त्यांनी गंमत म्हणून एक चावी काढली आणि तुम्ही तिच्यावरून गेलात. ते म्हणाले, तुम्ही दोन दिवस कोणाशी बोलला नाहीत. मग तिसऱ्या दिवशी खडी भरताना आपणहून त्यांना म्हणालात. तुमचे शब्द त्यांनी तुमच्याच आवाजात सांगितले, आणि ते सांगताना त्यांनी पान थुंकलं नाही.

"भंत्यांचं आंगन झाडून काढलेलं हाय. त्यांच्या चालन्यावरनं कुनाची गाडी जात न्हाई. माज्या चालन्यावरनं जाती. मला पायाकडं बघून भागायचं न्हाई, जे म्होरं येतंय त्याच्याकडं बघाया पायजे. तेबी एकदाच, पर पुरतं."

मी विचारलं, पुरतं म्हणजे कसं? बघितलं ते पुरतं झालं हे त्यांना कळायचं कसं?

मुकादम एका सांध्यापाशी उभे राहिले, दोन रूळ जिथे पट्टी लावून जोडतात तिथे. माझ्या हातातला हातोडा घेतला आणि पट्टीवर एक ठोका दिला. "असं. ठोका दिला की उभा ऱ्हायचा. आवाज विरंपतूर. मान खाली घालून. आमी म्हनायचो, झोपला का काय. आवाज पुरता विरला की मंग म्होरचं पाऊल. मधल्या चाव्याबी तशाच. एकीवर नजर टेकली की ती पुरती बघून हुईपतूर दुसरीकडं न्यायची न्हाई. पहिल्या म्हैन्यात दोन वाजायचे त्याला. तवाच्या मुकादमाच्या लई शिव्या खाल्ल्या. मंग हळूहळू आमच्या आदी पोचाया लागला."

आणि तेव्हा मला ते दिसलं. दिवाळीच्या त्या सुट्टीत गूळ चघळत मी तुमच्या पाठीकडे बघत होतो, तेव्हा तुम्ही दर सांध्याला मान खाली घालून थांबत होतात. मला वाटायचं तुम्ही दमलात. मला वाईटही वाटायचं की आपला बाप म्हातारा व्हायला लागला. तुम्ही ऐकत होतात. माझ्या डोळ्यांदेखत शिकवत होतात आणि मी तुमच्या दमण्याची काळजी करत होतो.

मी गुडघ्यावर बसून चावी ठोकून बसवली. मुकादम म्हणाले, "उद्याचा एक दिस हाय तुझा," आणि परत जेवायला गेले.

आठव्या दिवशी मी तुमच्यासारखं चालून बघितलं. सोपं नाही, आबा. चंक्रमणात मन पायापाशी बांधून ठेवायला मिळत होतं, इथे त्याला दर पावलाला सोडायचं आणि पुन्हा टेकवायचं. पहिल्या शे-दोनशे सांध्यांना माझा ठोका पडायचा आणि आवाज अर्धा असतानाच मी पुढच्या स्लीपरवर असायचो. तेव्हा मला माझ्या खोडीचं मूळ सापडलं. मी कधी कुठलीच गोष्ट पुरती बघत नव्हतो. बघता बघताच पुढच्याची काळजी करत होतो, म्हणून मागचं आठवत नसे, आणि आठवत नाही म्हणून परत जावं लागे. पुलाजवळ पहिल्यांदा एक ठोका शेवटपर्यंत ऐकला. टणक आवाज आधी लोखंडात जातो, मग पायात येतो, आणि मग खडी फोडणाऱ्यांचे हातोडे ऐकू यायला लागतात, म्हणजे तो संपला. त्या सांध्याकडे मला परत जावंसं वाटलं नाही. मी गँगपाशी पोहोचलो तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. मुकादम म्हणाले, "दोनदा वळलास. टेकाडावरनं बघत हुतो मी." मी म्हणालो, होय, दोनदा. खोटं बोलून उपयोग नव्हता. "बापाला म्हैना लागला हुता," ते म्हणाले. "बस, भाकर खा." पहारीचं नाव त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही आणि नंतरही नाही. तेव्हा मला कळलं की वाट आपल्याकडे राहिली.

त्याला आता दीड महिना झाला. आज एकदाही फिरलो नाही. उद्या कदाचित फिरेन. घरी मी आता कुलूप लावलं की किल्ली फिरल्याचा खटका पुरता ऐकतो आणि मग निघतो. आई ओट्याखाली उभी राहून म्हणते, "कुलपाला काय कानात सांगतोस? चल की." ती म्हातारी झाली आहे, आबा, पण चालायला माझ्यापुढे. अंगणातलं चंक्रमणही मी सोडलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी समाजमंदिरापुढे झाडून घेतो आणि चालतो. तिथून कोणाची गाडी जात नाही, त्यामुळे तिथे ते चालतं. पोरं विचारतात, काय हरवलं? मी त्यांना म्हणतो, सापडलं की सांगतो.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही. तुम्ही भिंतीवर लावलेल्या पंचशीलाच्या चौकटीमागे जी फट आहे, तिथे घडी करून ठेवीन. पुन्हा वाचून बघणार नाही, नाहीतर रात्रभर खाडाखोड करत बसेन.

एक सांगायचं राहिलं. दौंडच्या दवाखान्यात तुम्ही शेवटचे होतात, आई तुमच्यापाशी होती आणि मला निरोप आला की सकाळच्या पॅसेंजरनं लगेच ये. मी पोहोचलो तेव्हा तुम्हाला जाऊन तास झाला होता. आईला मी सांगितलं की गाडी उशिरा आली, आणि दहा वर्षं ती तेच सगळ्यांना सांगते. गाडी वेळेवर होती. मी स्टेशनाच्या वाटेवरून कुलूप बघायला परत गेलो, आणि अर्ध्या वाटेवरून पुन्हा एकदा परत गेलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा पुलावर निघून गेलेल्या गाडीचा नुसता धूर दिसत होता. मग दुपारच्या मालगाडीच्या गार्डानं मला डब्यात घेतलं, तुमचा मुलगा म्हणून.

तुम्ही असता तर रागावला नसतात. एवढंच विचारलं असतंत, कुलूप लागलं हुतं ना?

लागलं होतं, आबा. दोन्ही वेळा लागलेलंच होतं.